बेपत्ता प्रथिनांचा शोध : सातारा-सांगलीतून या कामात कसे उतरावे

मानवी जनुकांवरून जी प्रथिने तयार व्हायला हवीत असे आपण मानतो, त्यांपैकी काहींचा प्रत्यक्ष पुरावा आजही कोणाच्या हाती लागलेला नाही. जनुक आहे, पुष्कळदा त्या जनुकाचा आरएनएही पेशीत दिसतो. पण खुद्द प्रथिन कोणत्याही ऊतीत विश्वास ठेवता येईल अशा रीतीने पकडले गेलेले नाही. या क्षेत्रात काम करणारे त्यांना ‘मिसिंग प्रोटीन्स’ म्हणतात. मी वर्गात ‘बेपत्ता प्रथिने’ म्हणतो, कारण बेपत्ता माणूस जसा कुठेतरी असतोच, फक्त आपल्याला त्याचा पत्ता माहीत नसतो, तशीच यांतल्या बहुतेकांची स्थिती असावी.

मी साताऱ्यात जीवरसायनशास्त्र शिकवतो. आमच्याकडे जेल चालवण्याची सोय आहे, सेंट्रिफ्यूज आहे, उणे ऐंशी अंशांचा एक फ्रीझर आहे आणि बऱ्यापैकी संगणक आहेत. मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणूंची वजने अगदी नेमकी मोजून प्रथिने ओळखणारे यंत्र, नाही आणि नजीकच्या काळात येईल असेही दिसत नाही. तरीही गेली काही वर्षे आम्ही हे काम करतो, आणि अनुभवावरून असे सांगतो की या शोधातले निम्म्याहून अधिक श्रम यंत्रापाशी नसतात. उमेदवार, म्हणजे शोधायचे ते बेपत्ता प्रथिन, निवडणे, उपलब्ध नोंदी तपासणे, जुन्या माहितीचे पुन्हा विश्लेषण करणे आणि हाती आलेला दावा खोडून पाहणे ही सगळी कामे कराडच्या, सांगलीच्या किंवा मिरजेच्या महाविद्यालयातून करता येतात. पुढचे विवेचन अशा ठिकाणच्या शिक्षकांसाठी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी आहे.

आधी यादी नीट वाचावी

मानवी प्रोटिओम, म्हणजे माणसाच्या सर्व प्रथिनांचा संच, नोंदवणारा मानवी प्रोटिओम प्रकल्प २०१० मध्ये सुरू झाला. जागतिक मानवी प्रोटिओम संघटनेने, म्हणजे ‘ह्यूपो’ने, त्याची आखणी केली आणि त्यातील एका शाखेत गुणसूत्रांप्रमाणे कामाची वाटणी झाली : बावीस गुणसूत्रे, एक्स, वाय आणि मायटोकॉन्ड्रिया अशा पंचवीस तुकड्या. गुणसूत्र क्रमांक १२ च्या आशियाई तुकडीत भारतीय संशोधकांचाही सहभाग होता. प्रत्येक प्रथिनाला पुराव्याच्या बळानुसार एक पातळी दिली जाते. पीई१ म्हणजे प्रथिन प्रत्यक्ष सापडल्याचा पुरावा आहे. पीई२ म्हणजे फक्त आरएनए दिसला आहे. पीई३ म्हणजे दुसऱ्या सजीवातील सारख्या प्रथिनावरून अनुमान केले आहे. पीई४ म्हणजे केवळ संगणकीय भाकीत आहे. आणि पीई५ म्हणजे ते प्रथिन असण्याबद्दलच शंका आहे. पीई२, ३ आणि ४ मिळून जी यादी होते ती बेपत्ता प्रथिनांची. पीई५ त्यात धरत नाहीत, आणि नवख्या विद्यार्थ्याने त्या वाटेला जाऊही नये.

प्रकल्पाला दहा वर्षे झाली तेव्हा, २०२० मध्ये, १९,७७३ पैकी १७,८७४ प्रथिने पीई१ मध्ये होती, म्हणजे सुमारे ९०.४ टक्के, १,८९९ बाकी होती. २०२३ च्या अहवालात १९,७७८ पैकी १८,३९७ सापडलेली आणि १,३८१ बाकी अशी नोंद आहे. बाकीचा आकडा दरवर्षी थोडाच का कमी होतो, याचा उलगडा पुढे होईल. ही नोंद अनेक वर्षे स्वित्झर्लंडमधील ‘नेक्स्टप्रॉट’ या कोशात ठेवली जात असे. तो कोश आता निवृत्त झाला असून प्रकल्पाने ‘युनिप्रॉट’ हा आधार स्वीकारला आहे. जुन्या शोधनिबंधांवरून काम सुरू करणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते : निबंधात बेपत्ता म्हटलेले प्रथिन दरम्यान सापडलेले असते. म्हणून आपल्या उमेदवाराची आजची पातळी युनिप्रॉटमध्ये पाहावी, पाहिल्याची तारीख वहीत लिहावी आणि दर सहा महिन्यांनी ती पुन्हा पाहावी.

उमेदवार निवडताना

या कामात सर्वाधिक वेळ इथे द्यावा, कारण चुकीचा उमेदवार निवडला तर पुढचे सारे कष्ट वाया जातात. प्रथिन बेपत्ता राहण्याची कारणे निरनिराळी आहेत आणि प्रत्येक कारणाला वेगळा उपाय लागतो. काही प्रथिने अत्यल्प प्रमाणात असतात. काही एकाच ऊतीत किंवा गर्भावस्थेतील एका टप्प्यावरच तयार होतात. काही पेशीपटलात सात-सात वेढे घालून बसलेली असतात, पाण्यात विरघळत नाहीत, आणि एन्झाइमला त्यांत कापण्यासारखी जागाच सापडत नाही. काही इतकी लहान असतात की त्यांचे मोजता येण्याजोगे तुकडेच पडत नाहीत. आणि काहींची भावंडे त्यांच्याशी इतकी मिळतीजुळती असतात की सापडलेला तुकडा नेमका कोणाचा, हे ठरवता येत नाही.

वासाची जाणीव करून देणाऱ्या ग्राही प्रथिनांची सुमारे ४०० जनुके माणसात आहेत आणि बेपत्ता यादीत त्यांची संख्या मोठी आहे. विद्यार्थ्यांना ती आकर्षक वाटतात. तरीही सुरुवात त्यांच्यापासून करू नये : नाकाच्या वरच्या भागातील ती ऊती मिळवणे अवघड आहे, प्रथिनाचे प्रमाण कमी आहे आणि ही सर्व प्रथिने पेशीपटलात रुतलेली आहेत. त्याउलट वृषण ही अशी ऊती आहे की जिच्यातच विशेषकरून व्यक्त होणारी जनुके शरीरात सर्वाधिक आहेत. फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या तुकड्यांनी शुक्राणूंच्या नमुन्यांवर काम करून यादीतील पुष्कळ प्रथिने शोधून दिली, ती याच विचाराने. उमेदवाराचा आरएनए कोणत्या ऊतीत दिसतो हे स्वीडनमधून चालणाऱ्या ‘ह्यूमन प्रोटीन ॲटलास’मध्ये पाहता येते. ज्या ऊतीत आरएनए ठळकपणे दिसतो आणि जी ऊती आपल्याला रीतसर मिळू शकते, अशा दोन्ही अटी पाळणारे उमेदवार आधी घ्यावेत.

त्यानंतर कागदावर प्रथिन कापून पाहावे. ट्रिप्सिन हे एन्झाइम लायसिन आणि आर्जिनिन या अमिनो आम्लांनंतर साखळी तोडते. पुढे प्रोलिन असेल तर साधारणपणे तोडत नाही. हे काम संगणक क्षणात करतो, पण मी पहिल्या दिवशी प्रत्येक विद्यार्थ्याला ते पेन्सिलीने करायला लावतो, आणि त्यासाठी इन्सुलिन घेतो. फ्रेडरिक सँगर यांनी ज्याचा पूर्ण क्रम उलगडला आणि ज्यासाठी त्यांना १९५८ चे नोबेल मिळाले, ते हे प्रथिन. त्याची ‘बी’ साखळी ३० अमिनो आम्लांची आहे. तिच्यात आर्जिनिन बाविसाव्या जागी आणि लायसिन एकोणतिसाव्या जागी आहे. म्हणजे ट्रिप्सिन लावल्यावर तीन तुकडे पडतात : २२ चा, ७ चा आणि शेवटी उरलेले एकटे थ्रिओनिन. ‘ए’ साखळीत २१ अमिनो आम्ले आहेत, पण लायसिनही नाही आणि आर्जिनिनही नाही, म्हणून ती अखंडच राहते.

आता नियम पाहावा. प्रकल्पाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार एखादे बेपत्ता प्रथिन मास स्पेक्ट्रोमेट्रीने सापडले असे म्हणण्यासाठी किमान दोन वेगवेगळे पेप्टाइड, म्हणजे त्या प्रथिनाचे तुकडे, लागतात; प्रत्येक किमान नऊ अमिनो आम्लांचे हवे, ते त्या एकाच प्रथिनाशी जुळणारे हवे, आणि एक तुकडा दुसऱ्याच्या पोटात पूर्ण सामावलेला नसावा. दोन्ही एकमेकांवर अंशतः येत असतील, तर मिळून किमान अठरा अमिनो आम्ले व्यापली गेली पाहिजेत. या नियमाने परिपक्व इन्सुलिनमधील सात अमिनो आम्लांचा तुकडा बाद होतो, एकट्या थ्रिओनिनचा प्रश्नच येत नाही, आणि उरतात जेमतेम दोन. शरीरातील सर्वांत परिचित प्रथिनांपैकी एकाची ही गत. मग कोणाला ठाऊकही नसलेल्या छोट्या प्रथिनांचे काय होत असेल याची कल्पना विद्यार्थ्याला पेन्सिल खाली ठेवण्याआधीच येते.

ज्या उमेदवाराचे ट्रिप्सिनने दोन उपयुक्त तुकडे पडत नाहीत, तो लगेच सोडून द्यावा असे नाही. कायमोट्रिप्सिन, ग्लू-सी, लायस-सी, ॲस्प-एन अशी वेगळ्या जागी कापणारी एन्झाइमे आहेत. उमेदवाराच्या पानावर प्रत्येक एन्झाइमचे संभाव्य तुकडे लिहून ठेवावेत आणि त्यांपैकी कोणते खरोखर त्या एकाच प्रथिनाचे आहेत हे संपूर्ण मानवी प्रथिनसूचीशी ताडून पाहावे. सिएटलच्या ‘पेप्टाइडॲटलास’मध्ये तो तुकडा पूर्वी कोणाला दिसला आहे का, तेही पाहावे. आधीच एक चांगला तुकडा नोंदलेला असेल आणि दुसऱ्याचीच प्रतीक्षा असेल, तर असा उमेदवार यादीत सर्वांत वर ठेवावा.

कोण काय करणार, हे आधी लिहून ठेवावे

हे काम एका प्रयोगशाळेचे नाही. नमुना रुग्णालयातून येतो, तयारी एकीकडे होते, यंत्र दुसरीकडे असते आणि विश्लेषण तिसरीकडे. आपल्या भागाला एक सोय अशी की कराड आणि मिरज ही वैद्यकीय शिक्षणाची जुनी गावे आहेत, शिवाजी विद्यापीठ कोल्हापुरात आहे, आणि प्रथिनांवर काम करणाऱ्या मोठ्या संस्था, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र, पुण्यात आहेत. मुंबईत आयआयटी आहे. सकाळी निघालेला नमुना दुपारी पुण्यात पोहोचतो.

पहिली बैठक गोडीगुलाबीत होते आणि नंतर नावांवरून वाद होतो, असे मी एकदा जवळून पाहिले आहे. आमच्या विद्यार्थिनीने चार महिने जुन्या माहितीचे विश्लेषण करून उमेदवार शोधले होते, आणि सहकारी गटाने पाठवलेल्या मसुद्यात तिचे नाव केवळ आभारात होते. पुढे ते दुरुस्त झाले, पण तिचा उत्साह परत आला नाही. तेव्हापासून आम्ही पहिला नमुना हलण्याआधीच दोन पानांचा लेखी करार करतो. नमुना कोणाचा, कच्च्या फाइली कोणाकडे राहणार, त्या जाहीर केव्हा करायच्या, दावा मान्य करण्याचा निकष कोणता, आणि लेखकांची नावे कोणत्या कामासाठी येणार, एवढे त्यात असते. निकषाचे कलम मी सर्वांत महत्त्वाचे मानतो. निकाल हाती आल्यानंतर निकष ठरवायला बसले, तर प्रत्येकाला आपल्या आवडत्या उमेदवारासाठी तो थोडा सैल करावासा वाटतो.

मानवी नमुन्यासाठी संस्थेच्या नीतिसमितीची मंजुरी लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे त्यासाठी आधारभूत आहेत. शस्त्रक्रियेनंतर उरलेली ऊती ‘तशीही टाकूनच देणार होते’ म्हणून मंजुरीशिवाय वापरता येत नाही. परदेशी गटाबरोबर काम असेल, तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची परवानगीही पाहावी लागते, आणि तिला लागणारा वेळ वेळापत्रकात आधीच धरावा. संमतिपत्र मराठीत असावे आणि ते वाचून दाखवावे. जत किंवा आटपाडीहून मिरजेला उपचारासाठी आलेल्या माणसाला ‘तुमच्या ऊतीतील प्रथिनांचा अभ्यास’ या शब्दांनी काही बोध होत नाही. ‘ऑपरेशनमध्ये काढलेल्या तुकड्याचा छोटा भाग आम्ही अभ्यासासाठी ठेवू इच्छितो, त्याने तुमच्या उपचारात काही बदल होणार नाही, नको म्हणालात तरी चालेल’ हे त्याला समजते, आणि ते त्याला समजले आहे याची खात्री करणे हे आपले कर्तव्य आहे.

नमुना तयार करताना

प्रत्यक्ष पद्धती ज्या प्रयोगशाळेचे यंत्र वापरायचे तिच्याकडूनच घ्याव्यात, म्हणून इथे मोजकेच सांगतो. पेशीपटलातील प्रथिने बाहेर काढायची तर एसडीएससारखा जोरकस डिटर्जंट लागतो, पण तोच डिटर्जंट यंत्रात गेला तर संकेत दाबून टाकतो. म्हणून तो गाळणीवर किंवा मण्यांवर धुऊन काढण्याची पद्धत आधी साध्या नमुन्यावर सरावाने बसवावी. प्रथिनातील सिस्टीन या अमिनो आम्लाला चिकटून ते झाकणारे आयोडोॲसिटामाइड हे रसायन ताजे करावे, अंधारात वापरावे आणि ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवू नये. त्याचे कारण पुढे येईल. नमुना कोरड्या बर्फात पाठवावा, वितळून पुन्हा गोठू देऊ नये, आणि शक्य असेल तिथे एका विद्यार्थ्याने स्वतः घेऊन जावे.

केराटिनची काळजी मात्र आपल्यालाच घ्यावी लागते. त्वचा, केस आणि धूळ यांतून येणारे हे प्रथिन नमुन्यात मिसळले की यंत्राचा मौल्यवान वेळ तेच मोजण्यात जातो आणि अल्प प्रमाणातील प्रथिने झाकली जातात. साताऱ्याच्या थंडीत विद्यार्थी लोकरीचे स्वेटर घालून येतात. लोकर म्हणजे मेंढीचे केराटिन. डिसेंबर-जानेवारीत स्वेटर बाहेर काढून, केस बांधून, स्वच्छ सुती ॲप्रन आणि हातमोजे घालूनच नमुन्याच्या टेबलाशी यावे, हा नियम आम्ही दारावर लावला आहे.

आकड्यांमधला सापळा

यंत्र प्रत्येक पेप्टाइड आणखी तोडते; त्या भारित तुकड्यांच्या, म्हणजे आयनांच्या, वजनांप्रमाणे उमटलेल्या रेघांचे चित्र म्हणजे स्पेक्ट्रम. असे हजारो स्पेक्ट्रम येतात आणि मॅक्सक्वांट किंवा फ्रॅगपाइपसारखे सॉफ्टवेअर त्यांची प्रथिनसूचीशी जुळणी करते. जुळण्यांपैकी काही योगायोगाने होतात. त्या किती, याचा अंदाज घेण्यासाठी खऱ्या सूचीबरोबर उलट्या क्रमाची खोटी सूचीही शोधात घालतात. खोट्या सूचीशी जितक्या जुळण्या होतात, तितक्याच चुका खऱ्या सूचीतही झाल्या असाव्यात असे मानतात. एकूण जुळण्यांत अशा चुकांचे जे प्रमाण येते त्याला एफडीआर (फॉल्स डिस्कव्हरी रेट) म्हणतात, आणि तो प्रथिनांच्या पातळीवर एक टक्का किंवा त्याहून कमी ठेवावा लागतो.

एक टक्का ऐकायला थोडा वाटतो. समजा, यादीत १०,००० प्रथिने आली. त्यांतील सुमारे १०० चुकीची असू शकतात. या १०० चुका यादीत सारख्या पसरलेल्या नसतात. ॲक्टिन किंवा अल्ब्युमिन यांना शेकडो खऱ्या जुळण्यांचा आधार असतो. एखादी चुकीची जुळणी त्यांच्यावर जाऊन पडली तरी निष्कर्ष बदलत नाही. पण तीच चुकीची जुळणी एखाद्या बेपत्ता प्रथिनावर पडली, तर त्या प्रथिनाचा तोच एकमेव पुरावा ठरतो आणि त्याचे नाव यादीत येते. म्हणून यादीत साठ नवी नावे दिसली, तर आनंद होण्याऐवजी असे समजावे की चुका गोळा होण्याची जागा हीच आहे, आणि त्या साठांना एक टक्क्याचा दिलासा लागू होत नाही.

एकत्रित संशोधनात हा सापळा आणखी खोल होतो. दहा गटांनी प्रत्येकी १०,००० प्रथिनांची, एक टक्का एफडीआरची यादी दिली आणि आपण दहाही याद्या एकत्र जोडल्या, असे धरा. खरी प्रथिने बहुतेक सगळ्या याद्यांत तीच ती येतात, म्हणून एकत्र यादीत त्यांची संख्या फारशी वाढत नाही. चुका मात्र प्रत्येक यादीत निराळ्या असतात. त्या एकमेकींत मिसळून जात नाहीत, नुसत्या साठत जातात. शंभर-शंभर करून त्या हजारापर्यंत पोहोचू शकतात, आणि एक टक्क्याची यादी नऊ-दहा टक्क्यांची होऊन बसते, तेही कोणीच चूक केलेली नसताना. त्यामुळे याद्या जोडू नयेत. कच्च्या फाइली एकत्र कराव्यात, शोध एकाच पद्धतीने पुन्हा चालवावा आणि एफडीआर शेवटी एकदाच काढावा. सहकाऱ्यांकडून एक्सेलच्या तक्त्याऐवजी कच्च्या फाइली मागण्याचे कलम करारात असावे, ते यासाठीच.

मे २०१४ मध्ये मानवी प्रोटिओमचे दोन मोठे मसुदे एकाच वेळी प्रसिद्ध झाले; त्यांपैकी एकात बंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फॉर्मेटिक्सचा मोठा वाटा होता, आणि भारतीय प्रथिनशास्त्रासाठी ती अभिमानाची गोष्ट होती व आहे. त्या माहितीचे इतरांनी पुन्हा विश्लेषण केले तेव्हा असे दिसले की वासाच्या ग्राहींच्या म्हणून नोंदलेल्या अनेक जुळण्या दुबळ्या होत्या. मसुदे करणाऱ्यांनी कच्ची माहिती सर्वांसाठी खुली ठेवली होती म्हणूनच ही तपासणी शक्य झाली, आणि त्यानंतर प्रकल्पाचे निकष टप्प्याटप्प्याने कडक होत गेले. बाकीचा आकडा आज सावकाश कमी होतो, त्यामागे उरलेली प्रथिने अवघड आहेत हे जसे कारण आहे, तसेच हा कडकपणाही आहे.

एकेक स्पेक्ट्रम डोळ्यांनी पाहावा

सॉफ्टवेअरने दिलेल्या गुणांवर थांबू नये. काही अमिनो आम्लांची वस्तुमाने (इथले आकडे डाल्टन या एककात आहेत) अशी आहेत की ती एकमेकांची सोंगे घेतात, आणि हा तक्ता विद्यार्थ्याला पाढ्यासारखा पाठ असावा. ल्युसिन आणि आयसोल्युसिन दोन्ही ११३.०८४१, यंत्राला त्यांच्यात फरक करता येत नाही असेच धरून चालावे. दोन ग्लायसिन मिळून ११४.०४२९, आणि एकटे ॲस्पॅरजिनही तेवढेच. ॲस्पॅरजिनमधून अमाइड गेला की ते ०.९८४० ने जड होऊन ॲस्पार्टिक आम्ल दिसते. आयोडोॲसिटामाइड जास्त वेळ राहिले तर ते तुकड्याच्या टोकाला चिकटते आणि वजन ५७.०२१५ ने वाढवते. ग्लायसिनचे वजनही नेमके तेवढेच. मेथिलेशनने १४.०१५७ वाढतात, आणि सेरिनच्या जागी थ्रिओनिन किंवा व्हॅलिनच्या जागी ल्युसिन आले तरी तेवढेच वाढतात. म्हणजे एखाद्या अतिपरिचित प्रथिनाचा रासायनिक बदल झालेला तुकडा बेपत्ता भावंडाचा तुकडा म्हणून सहज खपून जाऊ शकतो.

आमचा पहिला ‘शोध’ असाच होता. एका जाहीर नमुनासंचात आम्हाला एका बेपत्ता प्रथिनाचा चांगला लांब तुकडा दिसला. गुण उत्तम होते. त्या तुकड्यात सेरिनच्या पुढे मेथिओनिन होते. त्याच कुटुंबातील, सर्वत्र आढळणाऱ्या भावंडात त्या जागी ॲलानिन आणि पुढे मेथिओनिन आहे. मेथिओनिनला ऑक्सिजन चिकटला की ते १५.९९४९ ने जड होते, आणि ॲलानिन व सेरिन यांच्यातील फरकही तेवढाच. दोन्ही जोड्यांची बेरीज २१८.०७२५. फरक फक्त त्या दोन अमिनो आम्लांच्या मधोमध तुटलेल्या आयनावरून कळला असता, आणि आमच्या स्पेक्ट्रममध्ये नेमकी तीच रेघ नव्हती. त्याशिवाय आम्ही एक मूळ चूक केली होती : काम रात्रीत संपावे म्हणून शोध संपूर्ण मानवी सूचीऐवजी फक्त बेपत्ता प्रथिनांच्या सूचीवर चालवला होता. खरा मालक सूचीतच नव्हता, म्हणून तुकडा ज्याला जुळला त्याच्या नावावर चढला.

ही चूक स्पेक्ट्रम छापून भिंतीवर लावल्यावर लक्षात आली. एका विद्यार्थ्याने मेथिओनिन असलेल्या आयनांच्या डावीकडे, प्रत्येक वेळी ६४ ने कमी अशी एकेक छोटी रेघ दाखवली. ऑक्सिजन चिकटलेले मेथिओनिन तुटताना नेमका ६४ वस्तुमानाचा भाग टाकते; साधे मेथिओनिन टाकत नाही. तो तुकडा भावंडाचाच होता. त्यानंतर आम्ही कायमचा क्रम ठरवला तो असा : शोध नेहमी संपूर्ण मानवी सूचीवर आणि संदूषकांच्या यादीसह चालवायचा, प्रत्येक उमेदवार तुकड्यासाठी ‘एका अमिनो आम्लाच्या किंवा एका रासायनिक बदलाच्या फरकाने हा दुसऱ्या कोणाचा असू शकतो का’ हा प्रश्न लेखी सोडवायचा, त्यात लोकांमध्ये आढळणारे जनुकीय भेदही धरायचे, आणि दोन विद्यार्थ्यांनी एकमेकांशी न बोलता प्रत्येक रेघेला नाव द्यायचे. दोघांचे जुळले नाही, तर तो स्पेक्ट्रम बाजूला ठेवायचा.

कृत्रिम पेप्टाइड, जाहीर नोंद आणि पुढचे

एवढ्यातून उमेदवार टिकला, तर त्याच क्रमाचे कृत्रिम पेप्टाइड बनवून मागवावे आणि ते शक्यतो त्याच यंत्रावर, त्याच स्तंभावर (यंत्रात जाण्याआधी पेप्टाइड वेगवेगळे करणाऱ्या नळीवर) चालवावे. दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत : आयनांच्या उंचीचे परस्पर प्रमाण आणि स्तंभातून बाहेर पडण्याची वेळ. जड समस्थानिक घातलेले पेप्टाइड नमुन्यातच मिसळता आले तर अधिक बरे. लायसिन असलेले टोक ८.०१४२ ने आणि आर्जिनिन असलेले १०.००८३ ने सरकलेले दिसते, आणि दोन्ही एकाच वेळी बाहेर पडतात की नाही हे एकाच चित्रात कळते. कृत्रिम पेप्टाइडला खर्च येतो, म्हणून ते सरसकट न मागवता वरच्या सर्व चाळण्यांतून उरलेल्यांसाठीच मागवावे. मोठा फरक आधीच्या मोफत कामाने पडतो, असा माझा अनुभव आहे.

मग कच्च्या फाइली ‘प्रोटिओमएक्स्चेंज’ या प्रथिनमाहितीच्या भांडारांच्या संघातील एखाद्या सदस्य भांडारात जमा कराव्यात; केंब्रिजजवळच्या हिंक्स्टनमधील ‘प्राइड’ हे त्यांतील सर्वांत परिचित. तिथे मिळणारा पीएक्सडी क्रमांक आणि प्रत्येक निर्णायक स्पेक्ट्रमचा सार्वत्रिक ओळखक्रमांक निबंधात द्यावा लागतो, म्हणजे जगातील कोणीही तो नेमका स्पेक्ट्रम उघडून आपला दावा तपासू शकतो. फाइली काही गिगाबाइटच्या असतात. वीज जाण्याची शक्यता धरून इन्व्हर्टर असलेल्या संगणकावरून, रात्री, आणि मध्येच तुटले तर तिथूनच पुढे चालू होईल अशा साधनाने त्या चढवाव्यात. फाइलींच्या नावात नमुना, एन्झाइम, भाग आणि तारीख एवढे यावे. ‘फायनल’, ‘फायनल२’ अशी नावे ठेवल्यास सहा महिन्यांनी कोणती खरी हे स्वतः ठेवणाऱ्यालाही सांगता येत नाही. रुग्णाचे नाव किंवा रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक फाइलीच्या नावात, तिच्या आतील शेऱ्यात किंवा सोबतच्या तक्त्यात कुठेही राहिलेला नाही, हे चढवण्याआधी दोघांनी तपासावे.

प्राइडमधील माहिती पेप्टाइडॲटलाससारखे गट आपल्या पद्धतीने पुन्हा तपासतात. आपला दावा तिथे टिकला, तर कालांतराने युनिप्रॉटमध्ये त्या प्रथिनाची पातळी बदलते. टिकला नाही, तर कारण पाहावे आणि उमेदवाराच्या पानावर लिहावे. खोडलेल्या उमेदवारांची पाने आम्ही फाडत नाही. कोणता तुकडा दिसला, तो कोणाचा निघाला, कोणत्या रेघेवरून कळले आणि कोणत्या एन्झाइमने पुन्हा प्रयत्न करण्यासारखा आहे, एवढे त्यावर असते. आणि नव्या तुकडीच्या विद्यार्थ्यांना जूनमध्ये काम देताना मी आधी तीच पाने हातात देतो, कारण त्यांतल्या ग्लू-सी किंवा कायमोट्रिप्सिन असा शेरा असलेल्या नावांपासूनच त्यांची पहिली यादी तयार होते.